कोणाचे बहुमत? लोकशाही आणि संघराज्य यांच्या तत्त्वविचाराची प्रस्तावना

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांच्या हाती आलेल्या मतपत्रिकेवर एकाही उमेदवाराचे नाव नव्हते. दोनच चिन्हे होती, फूल आणि दोन पाने. फुलाला मत म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानांना मत म्हणजे केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहणे. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. सुमारे ३४ हजारांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला आणि पुढे ३० मे १९८७ रोजी राज्य झाला.

निकाल सगळ्यांना ठाऊक असतो. तो लागण्याआधीचा वाद मात्र फारसा कोणी सांगत नाही. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला होता आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले होते. विधानसभेतल्या ठरावावर निर्णय सोपवला असता तर तो विलीनीकरणाच्या बाजूने जाण्याचीच शक्यता अधिक होती. म्हणून जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा आग्रह असा की हा प्रश्न आमदारांनी सोडवायचा नाही, मतदारांना थेट विचारायचा. मग मतदार कोण? गोव्यात राहणारे. पोटापाण्यासाठी मुंबईत राहिलेल्या गोवेकरांना मत नव्हते. चार कोटींच्या घरात गेलेल्या महाराष्ट्राला विचारण्याचा तर प्रश्नच आला नाही, जरी विलीनीकरण झाले असते तर बदलणारा नकाशा त्याचाही होता. आणि गंमत अशी की कौल विरोधात गेल्यानंतर अवघ्या दोन-अडीच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच मतदारांनी पुन्हा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच निवडून दिले.

आमदारांचे बहुमत, रहिवाशांचे बहुमत, जगभरच्या गोवेकरांचे बहुमत, दोन्ही प्रदेशांचे मिळून बहुमत: यांपैकी प्रत्येक मोजणी लोकशाहीच्या नियमांत बसणारी होती आणि प्रत्येकीचे उत्तर एकच आले असते असे मुळीच नाही. या विषयाचा उंबरा इथे आहे. निर्णय लोकांनी घ्यायचा हे कबूल, पण त्याआधी ‘लोक’ कोण ते कोणीतरी ठरवून ठेवलेले असते, या अडचणीवर ब्रिटिश घटनापंडित आयव्हर जेनिंग्ज यांनी १९५६ साली नेमके बोट ठेवले. बहुमताचा नियम हात किती वर झाले ते मोजतो. सभेत कोणाला बसवायचे याबद्दल त्याला काही म्हणायचे नसते. हा प्रश्न लोकशाहीच्या आत सुटत नाही, आणि तो सोडवल्याखेरीज लोकशाही सुरूही होत नाही.

प्रस्तुत संग्रहातील लेखांमागे एकच धारणा आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. ‘लोक कोण’ या प्रश्नाला एकदाच उत्तर देऊन मोकळे व्हायचे नाही, तो विषयागणिक आणि पिढीगणिक पुन्हा विचारता येईल अशी सोय करून ठेवायची, या व्यवस्थेला संघराज्य म्हणावे. केंद्राचे अधिकार किती, राज्यांचे किती, याद्या किती, हे सारे त्यानंतर येते. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत मात्र याद्या आधी येतात. म्हणूनच विद्यार्थ्यांना हा विषय कोरडा वाटतो आणि वर्तमानपत्र वाचणाऱ्याला तो केवळ भांडणाचा वाटतो: सीमावाद, पाणी, थकलेला परतावा. भांडणातून या विषयाकडे येण्यात काही कमीपणा नाही. बहुतेक थोर विचारवंतही तसेच आले.

युरोपातला जुना वाद थोडक्यात. फ्रान्समध्ये धर्मयुद्ध पेटलेले असताना झां बोदँने १५७६ साली मांडले की सार्वभौम सत्ता अखंडच असते. तिचे तुकडे केले की राज्य उरत नाही. १६०३ साली योहानेस अल्थुसियसने त्याच्या उलट टोकापासून सुरुवात केली. कुटुंब, व्यवसायसंघ, नगर, प्रांत अशा एकात एक गुंतलेल्या समूहांच्या करारातून राज्य बनते आणि सत्ता मुळात त्या समूहांची असते, असे त्याचे म्हणणे. पुढच्याच वर्षी तो एम्डेन नगराचा कायदेविषयक अधिकारी झाला आणि वरच्या सरंजामदाराशी नगराच्या हक्कांसाठी भांडत राहिला. तत्त्वज्ञान आणि नोकरी इतकी जुळलेली माणसे विरळा. इतिहासाने मात्र दीर्घकाळ बोदँलाच उचलून धरले. रूसोने १७६२ साली राजाला हटवून त्या जागी लोकांना बसवले, पण अखंडतेची अट तशीच ठेवली. आजही एखादा नेता ‘जनतेचा आदेश’ एकवचनात उच्चारतो तेव्हा त्यामागे बोदँ आणि रूसो दोघेही असतात.

अमेरिकेपाशी थोडे थांबायला हवे, कारण तिथे हा वाद वर्तमानपत्रांतून, मतदारांसमोर झाला. मॉन्टेस्क्यूने १७४८ साली म्हटले होते की प्रजासत्ताक लहान प्रदेशातच टिकते. लहान प्रजासत्ताकांना बाहेरच्या शत्रूपासून वाचायचे असेल तर त्यांनी आपसांत संघ करावा. नव्या संविधानाचे विरोधक हाच आधार घेऊन १७८७ च्या ऑक्टोबरात विचारत होते की इतक्या अवाढव्य देशात लोकांचे राज्य चालेल कसे? ‘ब्रुटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्याचा पहिला लेख या दृष्टीने आजही वाचनीय आहे, आणि माझ्या मते त्याला मिळते त्याहून अधिक श्रेय मिळायला हवे. मॅडिसनने नोव्हेंबरात, ‘फेडरलिस्ट’ लेखमालेच्या दहाव्या लेखात, युक्तिवाद उलटा फिरवला. लहान प्रदेशात एकच गट सहज बहुमत मिळवतो आणि बाकीच्यांना चिरडतो. प्रदेश वाढवा, गटांची संख्या वाढवा, म्हणजे बहुमत व्हायला तडजोडी लागतील आणि आज झालेले बहुमत उद्या मोडेल.

युक्तिवाद देखणा आहे. पण त्याच संविधानात प्रत्येक राज्याला, मग ते केवढेही असो, सिनेटमध्ये दोनच जागा मिळाल्या. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियाचे सुमारे ३ कोटी ९५ लाख लोक आणि वायोमिंगचे पावणेसहा लाख लोक तिथे बरोबरीने बसतात. त्याहून वाईट होता तीन-पंचमांशाचा नियम. प्रतिनिधिगृहातील जागा ठरवताना गुलामांची तीन-पंचमांश संख्या धरायची, म्हणजे मत मालकाचे आणि शिरगणतीतले वजन गुलामाचे. मोजले ते, पण लोकांत घेतले नाही. पुढे दक्षिण कॅरोलायनाच्या जॉन कॅल्हूनने एक सिद्धान्त मांडला की केवळ आकड्यांचे बहुमत पुरेसे नाही, प्रत्येक महत्त्वाच्या हितसंबंधाची संमती हवी. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचे इतके तर्कशुद्ध समर्थन क्वचितच कोणी केले असेल, आणि ते केले गुलामगिरी टिकवण्यासाठी. राज्यांची स्वायत्तता म्हणजे आपोआप माणसांचे स्वातंत्र्य असे समजणाऱ्याने कॅल्हून जरूर वाचावा.

जॉन स्टुअर्ट मिलचे नाव इथे ओझरते. १८६१ च्या प्रातिनिधिक शासनावरील ग्रंथात त्याने लिहिले की वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्या लोकांच्या देशात स्वतंत्र संस्था जवळजवळ अशक्य, कारण एक लोकमतच तयार होत नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत ३५ वर्षे काम केलेल्या माणसाचे हे मत आहे. भारताने ते खोटे पाडले असे आपण अभिमानाने म्हणतो. पण मिलला पडलेला प्रश्न खोटा नव्हता, हे मराठी, कन्नड आणि कोकणी भाषकांना वेगळे सांगायला नको.

आता पुण्याकडे येऊ. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या काळे स्मृती व्याख्यानात १९३५ च्या कायद्यातील संघराज्याची योजना तपासली. व्याख्यानाच्या शीर्षकातच त्यांनी संघराज्य आणि स्वातंत्र्य यांना एकमेकांसमोर उभे केले होते. आपल्या संविधानाच्या शिल्पकाराने संविधान तयार होण्याच्या दहा वर्षे आधी संघराज्याला विरोध केला, एवढे वाचून अनेकजण बुचकळ्यात पडतात. योजना काय होती ते बारकाईने पाहिले की कोडे सुटते. कनिष्ठ सभागृहातील ३७५ जागांपैकी १२५ संस्थानांच्या, वरिष्ठ सभागृहातील २६० पैकी १०४ संस्थानांच्या. संस्थानी प्रजा देशाच्या लोकसंख्येच्या पाव हिश्श्याहून थोडी कमी. आणि या जागांवर येणारे प्रतिनिधी प्रजेने निवडायचे नव्हते, राजांनी नेमायचे होते. मुंबई प्रांतातला मतदार आपला प्रतिनिधी पाठवणार, आणि त्याच सभागृहात निजामाचा नामनियुक्त सदस्य बसून त्या मतदारावर लागू होणाऱ्या कायद्यावर मत देणार. उलट संस्थानातल्या माणसाला या नव्या संघात समान नागरिकत्वसुद्धा नाही.

आंबेडकरांचा आक्षेप असा की ज्या संघाचे घटकच लोकशाहीवादी नाहीत, तो संघ कितीही काळजीपूर्वक रचला तरी स्वातंत्र्याच्या वाटेतला धोंडा ठरतो. राज्यांची संमती हवी म्हणता, तर राज्यात संमती कोणाची घेतली ते आधी सांगा. कॅल्हूनला जे कोणीतरी विचारायला हवे होते ते आंबेडकरांनी इथे राजेमहाराजांना विचारले. पुरेशी संस्थाने सामील झाली नाहीत, सप्टेंबरमध्ये महायुद्ध सुरू झाले आणि ती योजना कागदावरच राहिली.

आंबेडकरांचे व्याख्यान झाले त्याच जानेवारी महिन्यात, पुण्यापासून फार लांब नाही अशा औंध संस्थानात, नेमके उलटे चालले होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी आपला अधिकार प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना जाहीर केली. गांधीजींचा सल्ला, अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन यांची खटपट तिच्यामागे होती. गावाने पंच निवडायचे, गावच्या पंचायतींतून तालुका, तालुक्यांतून विधिमंडळ. सत्तर-पंचाहत्तर हजार वस्तीच्या संस्थानाला हे करता आले, म्हणजे घटक लोकशाहीवादी होऊच शकत नाहीत असे नव्हते. पण आंबेडकरांना ही रचनाही मानवली नसती असा माझा अंदाज. गाव हा घटक मानला की गावातल्या सवर्णांचे बहुमत कायमचे झाले, आणि महारवाड्यातल्या माणसाला वरच्या सभेपर्यंत पोचायला तेच दार ठोठवावे लागते. गाव हा राज्याचा पाया मानायला त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत कडाडून विरोध केला तो यामुळेच. अल्थुसियसची एकात एक गुंतलेल्या समूहांची कल्पना युरोपात नगराला स्वातंत्र्य देते. जातीच्या गावात ती काय देते, हा प्रश्न युरोपातल्या ग्रंथांत सापडत नाही. तो इथल्या अनुभवातूनच विचारला गेला.

संविधान सभेची कहाणी एरवी सर्वांना माहीत असते, म्हणून एकाच वळणाकडे लक्ष वेधतो. १६ मे १९४६ च्या कॅबिनेट मिशन योजनेत केंद्राकडे संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढेच विषय होते. ९ डिसेंबर १९४६ ला सभा भरली तेव्हा चौकट तीच होती. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि महिनाभरात, ५ जुलैच्या अहवालात, नेहरूंच्या अध्यक्षतेखालील संघ अधिकार समितीने बलवान केंद्राचा पक्ष घेतला. दुबळे केंद्र हे मुस्लिम लीगला सोबत ठेवण्यासाठी मोजायचे मोल होते. लीगच बाजूला झाल्यावर ते मोजण्याचे कारण उरले नाही. आपल्या संविधानातील केंद्राचे वजन हे तत्त्वचिंतनातून कमी आणि या एका महिन्यातून अधिक आले आहे. तत्त्वज्ञान शोधणाऱ्याची यामुळे निराशा होऊ नये. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात आंबेडकरांनी संघराज्याचा गाभा सांगितला तो असा की केंद्र आणि राज्ये यांच्यातली वाटणी केंद्राच्या कायद्याने होत नाही, संविधानाने होते. कोणाला किती मिळाले यापेक्षा देणारा कोण, याला त्यांनी महत्त्व दिले.

तरीही अनुच्छेद ३ आहेच. अमेरिकेत राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचे तुकडे करता येत नाहीत. आपल्याकडे संसद साध्या बहुमताने राज्य बनवू शकते, मोडू शकते, सीमा हलवू शकते. विधिमंडळाचे मत फक्त मागवायचे असते. एखाद्याला ही राज्यांची मानहानी वाटेल. पण याच अनुच्छेदाच्या जोरावर द्विभाषिक मुंबई राज्य मोडून १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात झाले. राज्यांच्या सीमा अभेद्य असत्या तर संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीला कोणाच्या संमतीची वाट पाहावी लागली असती, याचा विचार करावा. बेळगावच्या बाजूने विचार करणाऱ्याला मात्र याच तरतुदीची दुसरी बाजू दिसते. संसदेला हात घालायचा नसेल तर तिला भाग पाडणारे कोणी नाही, आणि २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.

१९५५ च्या अखेरीस आंबेडकरांनी भाषावार राज्यांवर पुस्तिका लिहिली. एका भाषेचे एकच राज्य असण्याची गरज नाही, असे सांगत त्यांनी मराठी मुलखाचीच चार राज्ये सुचवली: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. उत्तर प्रदेशाचे तीन तुकडे करा, बिहारचे दोन करा, असेही त्यात आहे. मराठी वाचकाला ही पुस्तिका आजही टोचते, आणि म्हणूनच ती संग्रहात पूर्ण घ्यावी असा मी हट्ट धरला. उत्तर-दक्षिण समतोलाची चर्चा तिच्यात आहेच. पण तिच्यातला सर्वांत खोल मुद्दा मॅडिसनला दिलेले उत्तर आहे, जरी मॅडिसनचे नाव त्या ओघात येत नाही. राजकीय बहुमत बनते आणि मोडते. जन्माने मिळालेले, जातीचे बहुमत मोडत नाही. भाषावार राज्यात एखादी मोठी जात कायमची सत्ताधारी होईल, आणि लहान जातींना प्रदेश वाढवून वा कमी करून आपोआप न्याय मिळणार नाही. त्यासाठी बहुसदस्यीय मतदारसंघांसारखे वेगळे उपाय लागतील. मॅडिसनचा युक्तिवाद गट हलते असतील तरच चालतो, आणि आपल्याकडचे गट हलते आहेत का, हे तपासल्याशिवाय तो इथे लावता येत नाही. महाराष्ट्राच्या गेल्या साठ वर्षांच्या राजकारणाचा अभ्यास करणाऱ्याला या एका मुद्द्यात पुरेसे काम आहे.

पैशाबद्दल दोन शब्द, कारण तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत तो टाळला जातो. आंबेडकरांचा १९२५ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवर आहे आणि त्यातले मूळ निरीक्षण साधे आहे: खर्चाची जबाबदारी एकाची आणि तिजोरी दुसऱ्याची असेल तर दोघेही बेजबाबदार होतात. मुलुंड किंवा दहिसरच्या जकात नाक्यावरची ट्रकची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना जकात गेल्याचे दुःख नसेल. पण १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला, जकात बंद झाली, आणि मुंबई महापालिकेचे स्वतःचे मोठे उत्पन्न जाऊन त्या जागी राज्याने कायद्याने ठरवून दिलेली भरपाई आली. कराचा दर ठरवणाऱ्या परिषदेत मतांची वाटणी अशी: केंद्राकडे एक-तृतीयांश, सर्व राज्ये मिळून दोन-तृतीयांश, आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश हवे. हिशेब केला तर दिसेल की सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राशिवाय काही मंजूर करू शकत नाहीत. शिवाय महाराष्ट्राचे आणि सिक्कीमचे मत सारख्याच वजनाचे. राज्यसभेत महाराष्ट्राला १९ जागा आणि सिक्कीमला १, म्हणजे तिथे बऱ्याच अंशी माणसे मोजली. इथे राज्ये मोजली. एकाच देशाने दोन ठिकाणी दोन हिशेब वापरले आहेत, आणि मला त्यात विसंगती दिसत नाही. गोव्याच्या कौलात जी निवड करावी लागली तीच इथे विषयागणिक वेगळी केली आहे. पालिकेला मात्र त्या परिषदेत मत नाहीच, आणि हा आक्षेप गंभीर आहे.

पाण्याच्या बाबतीत कोणतीही मोजणी चालत नाही. बच्छावत लवादाने कृष्णेच्या २०६० टीएमसी पाण्यातून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७०० आणि आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. या तीन राज्यांत मतदान घेऊन हे आकडे आले नसते आणि येऊही नयेत.

पुढचा मोठा वाद मतदारसंघांच्या पुनर्रचनेचा आहे. १९७६ साली लोकसभेतील राज्यांच्या जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवल्या गेल्या आणि नंतरच्या दुरुस्तीने ही मर्यादा २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबली. ‘एक व्यक्ती, एक मूल्य’ हे तत्त्व पाळायचे तर लोकसंख्येला आळा घालणाऱ्या राज्यांचे वजन कमी होते. वजन तसेच ठेवायचे तर उत्तरेतल्या मतदाराचे मत हलके राहते. दोन्ही बाजूंकडे तत्त्व आहे. महाराष्ट्र या वादात नेमका कुठे उभा आहे, हे अजून आपण धड ठरवलेले नाही.

हे पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे असा आग्रह नाही. ज्यांना इतिहास आवडतो त्यांनी १९३९ च्या व्याख्यानापासून सुरुवात करून १९५५ च्या पुस्तिकेवर यावे आणि मग मॅडिसनकडे जावे. उलट क्रमाने गेल्यास मॅडिसन उगाच अंतिम वाटतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांना बोम्मई खटल्याचा १९९४ चा निकाल ठाऊकच असतो, त्यात संघराज्य हे संविधानाच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरले. त्यांनी तो थोडा वेळ बाजूला ठेवून कोळसा असलेल्या जमिनींच्या संपादनावरून झालेला पश्चिम बंगालचा १९६२ चा खटला आधी वाचावा, आणि त्यातही बहुमताच्या निकालाआधी न्या. सुब्बाराव यांचे एकट्याचे विरोधी मत.